सतरा नंबरची भुकटी

"हात दाखव," शबनमताई म्हणाली.

मी दाखवले. आधी तळवे, मग उलटे करून.

"नखं?"

"कालच कापली."

"मग घे." तिने माझ्यासमोर जड, गुळगुळीत दगडी खल ठेवला. आत चमचाभर राखाडी भुकटी होती. "अर्धा तास घोटायची. एकाच दिशेने. बाहेर एक कण सांडायचा नाही. चांदी आहे ती."

चांदी म्हटल्यावर मी श्वाससुद्धा जपून घ्यायला लागले. ताई हसली आणि पलीकडच्या खोलीत मशीन सुरू करायला गेली.

जळगावचा मे महिना होता. आमच्या घरावर पत्रा, आणि आई दुपारी शिवणाच्या क्लासला जायची. म्हणून पप्पा मला सोबत कॉलेजात न्यायचे. पप्पा तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट आहेत. सगळा विभाग त्यांना वारकेभाऊ म्हणतो. मशीनच्या खोलीत एसी होता, तो काही माझ्यासाठी नव्हता, मशीनला उकाडा सोसत नाही म्हणून होता. पण त्यात मीही गार व्हायचे. पप्पांचे तीन नियम होते. कशाला हात लावायचा नाही, आत काही खायचं नाही, तोंड उघडायचं नाही.

तिसरा नियम मला सगळ्यात सोपा होता. हे आता दहावीच्या वर्गात कुणाला सांगितलं तर बाकावरून खाली पडतील हसून. पण तेव्हा मी सातवीतून आठवीत जाणार होते आणि बाईंनी हजेरी घेतली तरी "हजर" म्हणायला माझा आवाज फुटायचा नाही. शेजारची पोरगी माझ्या वतीने ओरडायची.

पहिला नियम खुद्द शबनमताईनेच मोडला. दोन दिवस तिने मला स्टुलावर बसून पाय हलवताना पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी पप्पांना म्हणाली, "भाऊ, ही पोरगी मला द्या. माझे खांदे गेले घोटून घोटून."

"मॅडम, ती नीट करेल का?"

"तुमचीच आहे ना? मग करेल."

दुसऱ्या नियमासाठी पप्पांनी सोय केली होती. गेटवर सुमनमावशीची गाडी असायची. जेवणाच्या सुट्टीत पप्पा मला तिच्याकडून कैरीच्या फोडी घेऊन द्यायचे, कागदात बांधलेल्या, आणि त्या मी बाहेर नळापाशी बसून खायच्या असा आमचा करार होता.

शबनमताईचं पूर्ण नाव शबनम तडवी. यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा. तिचे वडील जंगल खात्यात रोपं लावायच्या कामावर. त्यांच्या पाड्यातून कॉलेजात आलेली ती पहिली, आणि आता पीएचडी करत होती फेगडे सरांकडे. सर तिच्यावर खूश असले की "शबनम, तू" म्हणायचे. चिडले की "मिस तडवी, तुम्ही." सरांचं हवामान बाहेरूनच कळायचं.

ती नेमकं काय करते हे मी एकदा धीर करून विचारलं होतं. तो तिला विचारलेला माझा पहिला लांब प्रश्न.

"भरीत खातेस ना?" ती म्हणाली.

जळगावात हे विचारणं म्हणजे पाणी पितेस ना विचारण्यासारखं. मी मान हलवली.

"वांगं काट्याकुट्यांवर भाजायचं. आग लागली पाहिजे, पण वांग्याची राख नाही झाली पाहिजे. बरोबर? माझं पण तेच. प्रोपिलीन नावाचा गॅस आहे, पेट्रोलच्या घराण्यातला. त्याला थोडाच ऑक्सिजन चिकटवायचा, एकच घास. तेवढ्यावर थांबलं तर त्यातून फोम होतो, गाद्यांचा, गाडीतल्या सीटचा. पण तो थांबतच नाही. एकदा ऑक्सिजनची चव लागली की सगळाच जळतो, धूर आणि पाणी होऊन जातो. चांदीच्या भुकटीवरून नेला तर थोडासा थांबतो."

"किती?"

"शंभर वांगी भाजली तर तीन भरताला. सत्त्याण्णव राख."

"मग तुम्ही दुकान बंदच करा," मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं. ताई इतकी हसली की पप्पा धावत आले, काय फुटलं म्हणून.

तर मी घोटलेली ती भुकटी म्हणजे सतरा नंबर. आधीच्या सोळा झाल्या होत्या, सगळ्या तीनच्या आसपास. सतरा नंबर रात्रभर भट्टीत तापली, दुसऱ्या दिवशी काचेच्या नळीत भरली, गॅस सोडला. संगणकाच्या पडद्यावर एक रेघ चालत जायची आणि जिथे हवा तो पदार्थ सापडेल तिथे टेकाड उठायचं. एरवी ते टेकाड मुंगीच्या वारुळाएवढं असायचं.

त्या दिवशी डोंगर उठला.

ताईने गणित केलं. पुन्हा केलं. मग माझ्याकडे कॅल्क्युलेटर सरकवून म्हणाली, "तू कर. मी सांगते ते आकडे मार."

मी मारले. एकतीस.

"शंभरातली एकतीस वांगी?"

"एकतीस!" ताई किंचाळली. तिने मला उचललं, पप्पांनाही उचलायला निघाली होती पण ऐन वेळी भान आलं. फेगडे सर त्या आठवड्यात परगावी होते. तिने त्यांना फोन लावला, आणि पलीकडून सरांचा आवाज आम्हालाही ऐकू आला, "शबनम, तू जागेवरून हलू नको. मी येतो."

सर येईपर्यंतच्या दोन दिवसांत तिने तीच भुकटी नळीत ठेवून आणखी चार वेळा मोजली. तीस, एकतीस, तीस, एकोणतीस. सरांनी येऊन वही पाहिली, कागदावर छापलेले डोंगर पाहिले, विभागाला पेढे वाटले आणि शोधनिबंध लिहून परदेशी मासिकाकडे पाठवूनही दिला. उरलेली चिमूटभर भुकटी तपासायला मुंबईला गेली. तिचा अहवाल यायला दीड महिना लागणार होता.

आणि मग अठरा नंबर आली. तीन.

एकोणीस. चार. वीस. तीन. एकवीस नंबरला भट्टी बिघडली म्हणून ती मोजलीच नाही. बावीस, तीन.

जूनचे पहिले तीन आठवडे ताईने तेवढंच केलं. नळी बदलली. जुनी नळी कचऱ्यातून शोधून धुतली. चांदीची बाटली बदलली, पाणी बदललं, गॅसची टाकी बदलली. त्या दिवशी वारा कुठून होता तेसुद्धा विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. डबा तसाच परत न्यायची. माझी शाळा सुरू झाली होती, पण मी शाळा सुटल्यावर तिथेच जायचे, आणि मला ती घोटायला द्यायची नाही. स्वतः घोटायची. कुठलीच गोष्ट दुसऱ्याच्या हाती नको, म्हणून.

एके दिवशी तिने वहीत सतरा नंबरच्या दिवसाची यादी काढली. कोण होतं, कुणी काय केलं. पप्पांना विचारलं. पप्पांनी गळ्याशपथ सांगितलं, "मॅडम, नळी तीच, ब्रश तोच, साबण तोच. मी वेगळं काही केलं नाही."

मग तिने मला विचारलं. "हर्षाली, तू घोटलंस त्या दिवशी. काही वेगळं केलं होतंस?"

"नाही," मी म्हणाले.

"नीट आठव."

"काहीच नाही, ताई."

तिने यादीत माझ्या नावापुढे फुली मारली. त्या पेनचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

शुक्रवारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर गृहपाठ करत होते. दार लोटलेलं होतं, पण त्या दाराची कडी कधीच नीट बसली नाही.

"मिस तडवी," सर म्हणाले, आणि मला तिथेच कळलं. "मी त्या आठवड्यात गावात नव्हतो. तुम्ही एकट्या होतात. बरोबर?"

"हो, सर."

"शुद्ध प्रोपिलीन ऑक्साइडची, म्हणजे आपण बनवतोय त्याच पदार्थाची, बाटली फ्रीजमध्ये असते. त्यातला एक थेंब सुईने मशीनला पाजला तरी असाच डोंगर येतो. बरोबर?"

आतून वही मिटल्याचा आवाज आला.

"मी आरोप करत नाही. मी विचारतोय. पाच मोजण्या एकतीसच्या आसपास, त्यानंतर एकही नाही. मासिकवाले विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

"सर, मी तसं केलेलं नाही."

"मला तेच हवंय. पण दाखवा ना. सोमवारी मला निबंध मागे घेतल्याचं पत्र टाकावं लागेल. आणि का मागे घेतला, त्याचं कारण लिहावं लागेल. ते कारण तुमच्या फाइलला लागेल. तुमची शिष्यवृत्ती मग राहते की नाही, माझ्या हातात नाही."

ताई बाहेर आली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. माझ्याशेजारी बसली, माझ्या वहीत डोकावली, म्हणाली, "बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. तू एकशे चोवीस लिहिलंय," आणि उठून गेली.

त्या संध्याकाळी पप्पा घरी आईला सांगत होते. "खोटं करणारी पोरगी नाही ती. पण आकडा येत नाही तर काय करणार? तिच्या घरच्यांनी तर पाड्यात गूळ वाटला होता."

मी जेवत होते. मी ताट बाजूला सारलं.

कारण मला माहीत होतं, सतरा नंबरमध्ये काय झालं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते मी कधी ताईच्या यादीशी जोडलंच नव्हतं. ताई शोधत होती की त्या दिवशी काय चांगलं झालं. आणि मी केलेलं तर वाईट होतं. घाण होती ती. घाणीमुळे कुठे एकतीस येतात? उलट माझ्या डोक्यात आता वेगळंच गणित बसलं: सतरा नंबर घाण होती, म्हणून मशीन फसलं, म्हणून आकडा खोटा आला. म्हणजे एकतीस खोटे, ते ताईमुळे नाही, माझ्यामुळे. हे मी सांगितलं तर ताईचा डोंगर कायमचा जाईल, पण ताई खोटारडी ठरणार नाही.

आणि पप्पा? पोरीला आत आणलं, आणि पोरीने हे केलं. पप्पांच्या फाइलला काय लागेल?

शनिवारी सकाळची शाळा. हजेरीला माझं नाव आलं आणि शेजारणीने ओरडायच्या आत मीच म्हणाले, "हजर." बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. मला वाटतं मी सराव करत होते.

साडेअकराला मी दप्तरासकट थेट फेगडे सरांच्या केबिनच्या दारात. आत सर आणि ताई समोरासमोर, मध्ये वही उघडी.

"काय गं? पप्पा मागे भट्टीच्या खोलीत आहेत," सर म्हणाले.

"मला तुमच्याशीच बोलायचंय."

माझा आवाज इतका मोठा आला की मीच दचकले. सर चष्मा काढून बघायला लागले.

"ताईने खोटं केलेलं नाही. सतरा नंबरमध्ये घाण होती. मी घातली."

"घाण?"

"त्या दिवशी मी घोटताना कैरी खात होते. आत बसून. पप्पांनी बाहेर खा म्हटलं होतं, पण बाहेर ऊन होतं, आणि ताईने मध्ये थांबायचं नाही म्हटलं होतं. एका हाताने घोटत होते, एका हाताने खात होते. फोड तोंडात टाकताना वरचं मीठ-तिखट खलात पडलं." एकदा सुरू झाल्यावर मला थांबताच येईना. "मी तिखट वेचून काढलं. लाल होतं ना, दिसत होतं. सुईच्या टोकाने एकेक कण काढला. मीठ नाही निघालं. ते राखाडीत मिसळून गेलं. मग मी तसंच घोटलं. ताईने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. एकतीस खोटे आहेत, सर, पण ताईमुळे नाहीत. पत्रात माझं नाव लिहा."

मागे कपबश्या किणकिणल्या. मी वळून पाहिलं. पप्पा दारात उभे होते, हातात चहाचा ट्रे. त्यांनी तो अगदी सावकाश टेबलावर ठेवला, जसा काही तो फुटणारच आहे.

"साहेब," ते म्हणाले, "चूक माझी आहे. पोरीला आत मी आणली."

"ते नंतर, वारके," सर म्हणाले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते ताईकडे बघत होते.

ताई उभी राहिली होती.  

"मीठ," ती म्हणाली.

"मीठ," सर म्हणाले.

"सर, मिठात क्लोरीन असतं, आणि इथिलीन गॅसच्या कारखान्यात चांदीवर क्लोरीनचा किंचित अंश सोडतातच. चांदी जरा मंद व्हावी म्हणून. आपण वाचलंय ते."

"ते इथिलीन. प्रोपिलीनला ते पुरत नाही, तेही वाचलंय आपण."

"किती घातलं तर पुरत नाही?"

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मला काही कळेना. मी तर एवढं मोठं पाप कबूल केलं होतं आणि हे दोघे स्वयंपाकाचं बोलल्यासारखे बोलत होते.

"किती पडलं होतं?" सर माझ्याकडे वळले.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे? प्रयोगशाळेत थोडंसं असं माप नसतं."

"जेवढं फोडीवर असतं तेवढं. सुमनमावशी जेवढं लावते."

"वारके," सर म्हणाले, "गेटवर जा. त्या बाईकडून मीठ आणा."

"साहेब, आता कैऱ्या संपल्या. जांभळं विकते ती."

"जांभळांना मीठ लावत नाही का ती?"

"लावते, साहेब."

"मग आणा!"

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. काचेच्या पेटीतला तो नाजूक तराजू, ज्याच्याजवळ मला श्वास घ्यायलाही बंदी होती, त्याच्यासमोर सरांनी मला बसवलं. पाच कागद मांडले. "त्या दिवशी पडलं तेवढं प्रत्येक कागदावर टाक. विचार करू नको, नुसतं टाक." मी टाकलं. ताईने पाचही वजनं वाचली: एकेचाळीस मिलिग्रॅम, अडतीस, चव्वेचाळीस, चाळीस, सदतीस. सरांनी मान वर केली. "हाताला माप आहे हिच्या," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी गेटवरचं मीठ बाजूला सारलं आणि कपाटातून शुद्ध मिठाची बाटली काढली. एकच भुकटी, तिचे दोन वाटे. एकात काही नाही, एकात चाळीस मिलिग्रॅम मीठ. दोन्ही वाटे ताईने माझ्यासमोर घोटले आणि भट्टीत ठेवले.

"उद्या रविवार आहे," ताई म्हणाली.

"मला माहितेय उद्या काय आहे," सर म्हणाले. "नऊ वाजता."

पप्पा मला स्कूटरवरून घरी घेऊन गेले. वाटभर एक शब्द नाही. फाटकावर मालगाडी आडवी आली, एवढी लांब, मी डबे मोजले, अठ्ठावन्न, तरी नाही. घरी आईने विचारलं, "काय झालं?" तेव्हा म्हणाले, "काही नाही." जेवताना ते रोज वरून मीठ मागतात. त्या दिवशी मागितलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली नाही, पण स्कूटर सुरू करून दारात थांबले. मी मागे बसले.

ताई आमच्या आधी आली होती. आधी बिनमिठाची भुकटी नळीत गेली. तास गेला. पडद्यावर रेघ चालली, वारूळ उठलं, गेली पुढे.

"तीन," ताई म्हणाली.

पप्पा कोपऱ्यात हात बांधून उभे. सरांसमोर ते कधी बसत नाहीत. स्टूल शेजारी असलं तरी नाही.

नळी गार झाली. दुसरी भरली. ती बसवायला पप्पा पुढे आले आणि नळी त्यांनी धरली. ते अशा नळ्या वीस वर्षं धरतायत, एकही फुटलेली नाही. गॅस सुरू झाला. मी पडद्यासमोर उभी राहिले आणि मनात म्हणत होते, खोटे असू देत, खोटे नसू देत, खोटे असू देत. मला नेमकं काय हवंय तेच ठरेना. खोटे असले तर ताई सुटेल पण सगळं जाईल. खरे असले तर... खरे असले तर काय, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

रेघ चालली. पहिलं टेकाड गेलं. दुसरं गेलं. तिथपर्यंत पोचली जिथे वारूळ उठतं.

आणि उठायला लागली. वारुळाएवढी झाली आणि थांबली नाही. वर, आणखी वर, पडद्याची मधली खूण ओलांडून वर.

ताईने कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. "मार," ती म्हणाली. "माझ्याने व्हायचं नाही."

मी आकडे मारले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर आले.

"तेहतीस."

कुणीच ओरडलं नाही. ताई खुर्चीवर मागे रेलली आणि तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले. आता मात्र ती रडली, पण हसतही होती, आणि दोन्हींचा मिळून शिंकल्यासारखा आवाज येत होता. सरांनी रुमाल काढला, तो तिला द्यायचा की स्वतः वापरायचा हे त्यांना ठरवता येईना. शेवटी स्वतःच वापरला. मग म्हणाले, "शबनम, तू मला माफ कर."

तू. मी ऐकलं ते.

"सर, तुमच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं."

"विचारलं असतंस. पण फ्रीजमधल्या बाटलीचं नाव घेतलं नसतंस."

मागे काही तरी खरडलं. मी पाहिलं. पप्पांनी स्टूल ओढलं होतं आणि ते त्याच्यावर बसले होते. सरांसमोर. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, जसं कुणी सकाळपासून डोक्यावर धरलेलं ओझं आत्ताच खाली ठेवावं. सरांनी पाहिलं, आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले.

"पण मिठाने असं का झालं?" मी विचारलं. आता मला कोण थांबवणार होतं?

ताईने डोळे पुसले. "निखारे फार पेटले तर तुमच्याकडे भरीत करणारे काय करतात?"

"वरून राख टाकतात."

"का?"

"वांगं जळू नये, नुसतं शिजावं म्हणून."

"तर तू राख टाकलीस," ती म्हणाली.

सरांनी तिची वही ओढली, सतरा नंबरचं पान काढलं. यादी तिथेच होती. माझं नाव, पुढे फुली. त्यांनी स्वतःचं पेन उघडून माझ्यापुढे धरलं. "फुलीच्या शेजारी लिही. काय केलंस ते. चूक वगैरे लिहू नको, माफी लिहू नको. या वहीत फक्त जे घडलं ते लिहितात. आणि खाली सही कर, तारीख घाल."

"सर, मी? ही तर पीएचडीची वही आहे."

"प्रयोग कुणी केला?"

ताईने खुर्ची सोडली, मी बसले. सरांचं पेन जड होतं, शाईचं. मी आतापर्यंत कधीच शाईच्या पेनने लिहिलं नव्हतं, आणि सही तर मला मुळीच नव्हती. मी निब कागदावर टेकवलं. एक निळा ठिपका पडला आणि पसरायला लागला.

तेव्हा मागून पप्पांचा आवाज आला, कालच्या कबुलीनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलणारा.

"अक्षर नीट काढ, माय," ते म्हणाले.